फोन बनवायला लागतात किती आणि आपण मोजतो किती?

सडेकर (राजापूर)
मंडळी, प्रश्न सरळ आहे. फोनच्या आतल्या सुट्या भागांचा खर्च धरला तर कंपन्या आपल्याकडून घेतात ती किंमत वाजवी म्हणायची का?

२०१७ साली आयफोन टेन आला तेव्हा आयएचएस मार्किट या संस्थेने तो उघडून आतल्या एकेका भागाचा अंदाज काढला होता. बेरीज आली ३७० डॉलर २५ सेंट. विक्रीची किंमत ९९९ डॉलर. त्यातला नुसता डिस्प्ले ११० डॉलरचा, आणि तोही सॅमसंगकडून घेतलेला. मग उरलेले सव्वासहाशे डॉलर कोणाच्या घशात गेले?

माझं मत आधीच सांगून टाकतो. वीस हजारांपर्यंतच्या फोनला पैसे वसूल होतात. त्यापुढे कंपनी हौस विकते. दुकानदार, रिपेअरवाले, हिशेबवाले, सगळ्यांनी लिहा. वडिलांसाठी पंधराच्या आत एक घ्यायचाय, तेव्हा त्याचंही कोणी सुचवलं तर चालेल.

खाडीपलीकडे
हौस करणाऱ्याने करावी की. तुमच्या खिशातून जातायत का?

सडेकर
भाच्याने माझ्या बहिणीच्या खिशातून घेतलाय. म्हणून दुखतंय.

बॅलन्सशीट_ताई (रत्नागिरी)
सडेकर, तुमच्या प्रश्नातच गडबड आहे. सुट्या भागांची बेरीज म्हणजे उत्पादनखर्च नव्हे. असे अंदाज खरे असतात का, यावर ॲपलचे प्रमुख खुद्द टिम कुक २०१५ मध्ये म्हणाले होते की अचूकतेच्या जवळपास जाणारा एकही हिशेब त्यांनी पाहिलेला नाही. आता त्यांनी असंच म्हणायचं, ते सोडा. पण कंपनीचा ताळेबंद सगळ्यांना वाचता येतो, तो वाचू.

ॲपलचं २०२४ चं आर्थिक वर्ष घ्या. विक्री ३९१ अब्ज डॉलर. वस्तूंवर ढोबळ नफा शेकडा ३७ च्या आसपास. म्हणजे १०० ची वस्तू विकली तर ६३ त्यांच्या वहीत खर्च म्हणून पडलेत. सुटे भाग, जुळणी, वाहतूक, वॉरंटीची तरतूद, पेटंटचे पैसे असं बरंच काही त्या ६३ मध्ये येतं. यात मॅक, आयपॅड, घड्याळं सगळी धरली आहेत, नुसत्या फोनचा आकडा कंपनी वेगळा देत नाही.

उरलेल्या ३७ मधून संशोधन, जाहिरात, पगार, कर. संशोधनाचा गाजावाजा फार असतो म्हणून तोही सांगते. त्या वर्षी ३१.४ अब्ज, म्हणजे विक्रीच्या शंभरातले ८. सगळं जाऊन निव्वळ नफा उरला ९३.७ अब्ज, शंभरातले २४. यात ॲप स्टोअर, क्लाऊड वगैरे सेवांचाही वाटा मोठा आहे, तिथे ढोबळ नफा ७४ टक्क्यांच्या घरात.

आता २४ टक्के निव्वळ नफा वाजवी की अवाजवी हे ज्याने त्याने ठरवावं. पण "४० चा माल १०० ला विकतात" हे चित्र खरं नाही.

टॉवरखाली
लाखाचा असो की पाच हजारांचा, आमच्या वाडीत दोन्ही सड्यावर नेल्याशिवाय वाजत नाहीत. त्यामुळे आमच्यापुरता पाच हजारांचा वाजवी.

खाडीपलीकडे
हे नाव तुम्ही उपरोधाने घेतलंय तर!

टॉवरखाली
टॉवर आहे हो. उभा आहे. त्याच्या सावलीत बैल बांधतो.

काजूवाला_लांजा
ताईंना अनुमोदन. आमचा काजू फोडायचा छोटा युनिट आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, बी एवढी स्वस्त घेता आणि गर एवढा महाग कसा विकता? अरे बाबा, चार किलो बी फोडली तेव्हा किलोभर गर हाताला लागतो. बी वाफवायची, गार करायची, फोडायची, बोरम्यात सुकवायची, साल काढायची, मग प्रतवारी. फोडणाऱ्या बायकांची मजुरी, टरफलाच्या तेलाने काळे होणारे हात, पावसात माल लागू नये म्हणून धडपड. एवढं करून अख्खा दाणा निघाला तर भाव. पाकळी झाली की भाव पडला, तुकडा झाला की आणखी पडला. बी तीच, मजुरीही तीच.

फोनवाल्यांचं माप मला माहीत नाही, पण कच्च्या मालावरून पक्क्याचा भाव ठरवणारा माणूस दिसला की मी त्याला एक दिवस फोडणीच्या टेबलावर बसायला सांगतो.

मधलीआळी
धाग्याला दोन तास झाले आणि अजून आंब्याची पेटी आली नाही. कोकणी माणूस बदलतोय.

सिलिकॉनसडा (पुणे, मूळ गाव देवगड)
काजूवाला दादा, तुम्ही लिहिलंत ती प्रतवारी चिपमध्येही अगदी अशीच चालते. एका वेफरवर (सिलिकॉनच्या तबकडीवर) शेकडो चिप बनतात. त्यातल्या काहींमध्ये एखादा भाग सदोष निघतो. ती चिप फेकून देत नाहीत, तो भाग बंद करून खालच्या मॉडेलात घालतात. आयफोन १३ आणि १३ प्रो दोघांतही ए१५ चिप होती, पण साध्या तेरामध्ये ग्राफिक्सचे ४ कोअर आणि प्रोमध्ये ५. तुमच्या भाषेत अख्खा दाणा आणि पाकळी.

खर्चाबद्दल आणखी दोन गोष्टी.

एक, पेटंट. फाईव्ह-जी फोन विकायचा तर क्वालकॉमसारख्यांना पैसे द्यावे लागतात. त्यांचा जाहीर दर मल्टिमोड (जुनी नेटवर्कही चालवणाऱ्या) फाईव्ह-जी फोनला ३.२५ टक्के आहे, आणि तो मोडेमच्या (नेटवर्क पकडणाऱ्या चिपच्या) किमतीवर लागत नाही, अख्ख्या फोनच्या किमतीवर लागतो. फोनची किंमत ४०० डॉलरच्या वर गेली तरी हिशेब ४०० वरच थांबतो, म्हणजे जास्तीत जास्त १३ डॉलर. हे फक्त एका कंपनीचं. नोकिया, एरिक्सन, हुआवे वेगळे.

दोन, अगदी बारीक चिप बनवायला लागणारी ईयूव्ही यंत्रं (अतिनील प्रकाशाने चिपवर नक्षी छापणारी) जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. एका यंत्राची किंमत १५ कोटी डॉलरच्या वर. तो खर्च कुठेतरी वसूल व्हायचाच.

पण म्हणून सगळंच वाजवी असं मी म्हणणार नाही. स्टोरेज बघा. आयफोन १५ भारतात आला तेव्हा १२८ जीबी ७९,९००, २५६ जीबी ८९,९०० आणि ५१२ जीबी १,०९,९००. १२८ जीबी वाढवायला दहा हजार! तेवढ्या क्षमतेचं चांगलं मेमरी कार्ड हजाराच्या आगेमागे मिळत होतं. फोनमधली मेमरी जास्त वेगवान असते हे कबूल, पण दहापट नाही. कार्डाचा खाचा काढून टाकायचा आणि मग जागा विकायची, ही खरी कमाई.

अबोली (सावंतवाडी)
दादा, पण आता मेमरीच महागली ना? दुकानात सगळीकडे तेच सांगतात.

सिलिकॉनसडा
हो ताई, ते थापा मारत नाहीत. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि स्टोरेजचे भाव जोरात चढले. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी खेचली जातेय आणि रॅम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजून तीन, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. याचा फटका स्वस्त फोनला जास्त बसतो, कारण त्यात फायद्याला जागाच कमी. महागड्या फोनवाला थोडा नफा सोडून किंमत धरून ठेवू शकतो.

अर्धं_शटर (चिपळूण, मोबाईल दुकान)
दुकानदाराला हाक मारली म्हणून आलो.

लोकांना वाटतं पंधरा हजारांच्या फोनवर आम्ही दोन-तीन हजार खातो. खरं सांगू? शेकड्यामागे किती सुटतात ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतं. त्यात भाडं, लाईट, पोरांचा पगार. वर कंपनीची टार्गेटं. या महिन्यात इतके नग ॲक्टिव्हेट केलेत तर स्कीमचे पैसे, नाहीतर ठेंगा. म्हणून दुकानदार एखादाच फोन तुमच्या गळ्यात मारायला बघतो. तो फोन चांगला असतो म्हणून नाही, त्याच्यावर स्कीम चालू असते म्हणून.

घर चालतं ते कव्हर, टेम्पर्ड काच आणि चार्जरवर. आता बॉक्समध्ये चार्जर द्यायचा बऱ्याच कंपन्यांनी बंद केलाय, त्याबद्दल गिऱ्हाईक शिव्या देतं, मी गप्प बसतो. का ते कळलं असेल.

पंधरा हजारांतले सरकारचे किती? १८ टक्के जीएसटी किमतीत धरलेला असतो. मूळ किंमत १२,७१२ आणि कर २,२८८. २०२० च्या १ एप्रिलपर्यंत तो १२ टक्के होता. तेव्हाच्या दराने हाच फोन १४,२३७ ला पडला असता. माझ्यापेक्षा जास्त पैसे तुमच्या फोनवर सरकार कमावतं, आणि त्यांचं दुकान पुरात जात नाही. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा माझा सगळा डिस्प्ले स्टॉक चिखलात गेला होता.

बॅलन्सशीट_ताई
दादा, सप्टेंबर २०२५ मध्ये मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ वर आले तेव्हा मोबाईलचंही काहीतरी होईल अशी आशा होती. १८ चे १८ च राहिले.

शिरोड्याचा_मीठवाला
आयफोन दुबईत स्वस्त, अमेरिकेत स्वस्त, इथेच महाग. आणि म्हणे भारतात बनतात! मग स्वस्त का नाही?

बॅलन्सशीट_ताई
मांडून बघू. आयफोन १५, अमेरिकेत ७९९ डॉलर. तिथली छापील किंमत विक्रीकर न धरता असते, हे आधी लक्षात घ्या. तेव्हा डॉलर साधारण ८३ रुपये. झाले ६६,३१७. त्यावर आपला १८ टक्के जीएसटी लावा, ७८,२५४. इथली किंमत ७९,९००. म्हणजे फरक जवळपास सगळा कराचा.

आता १५ प्रो. अमेरिकेत ९९९, म्हणजे ८२,९१७ रुपये. तो तेव्हा बाहेरून येत होता. आयात शुल्क २० टक्के, त्यावर अधिभार धरून २२. वर जीएसटी. पूर्ण किरकोळ किमतीवर शुल्क लावलं तरी १,१९,३६७ होतात, आणि प्रत्यक्षात शुल्क आयात मूल्यावर लागतं, ते कमीच असणार. इथे किंमत होती १,३४,९००. म्हणजे निदान पंधरा हजार असे आहेत ज्यांचा हिशेब करात बसत नाही. तिथे तुमची तक्रार रास्त आहे.

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क २० वरून १५ केलं.

शिरोड्याचा_मीठवाला
ताई, दहावीला गणिताला तुम्ही असतात तर मी सुटलो असतो.

उलटा_प्रश्न
सगळे ग्राहकाच्या बाजूने वाजवी-अवाजवी बोलताय. बनवणाऱ्याच्या बाजूने कोण बोलणार? २०११ मध्ये क्रेमर, लिंडेन आणि डेड्रिक या अमेरिकी अभ्यासकांनी आयफोन ४ च्या किमतीची फोड केली होती. ५८.५ टक्के ॲपलकडे. चीनमधल्या मजुरांच्या वाट्याला १.८ टक्के. पुन्हा वाचा, एक पूर्णांक आठ. मजुरी दुप्पट केली असती तरी फोन दोन टक्क्यांनीही महागला नसता.

तेव्हा "किंमत जास्त आहे का" हा प्रश्न माझ्या मते दुय्यम. पैसे कोणाला किती मिळतात ते बघा.

काजूवाला_लांजा
मजुरी दुप्पट करा म्हणणं सोपं असतं. आमच्याकडे करून बघा, युनिट दुसऱ्या दिवशी बंद.

उलटा_प्रश्न
तुमचा निव्वळ नफा २४ टक्के आहे का, दादा?

काजूवाला_लांजा
तेवढा असता तर इथे टंकत बसलो असतो का? गोव्याला गेलो असतो.

कातळशिल्प
मजुरीचा विषय निघालाच आहे तर, हे जुळणीचे कारखाने श्रीपेरुंबुदूरला, नोएडाला, कर्नाटकात नरसापूरला. कोकणात का नाही? बंदर आहे, रेल्वे आहे, पोरं शिकलेली आहेत. सगळी मुंबईला जातात आणि गणपतीला फोन दाखवायला येतात.

मधलीआळी
बंदर आहे, रेल्वे आहे, आणि महामार्ग? तो कधी पूर्ण होणार ते आधी सांगा. फोन वडखळपर्यंत पोचेस्तोवर जुना होईल.

खाडीपलीकडे
कारखाना म्हटला की आधी प्रदूषण, मग जमीन, मग मोर्चा. रिफायनरीचं काय झालं ते…

संपादक
रिफायनरीवर तीन स्वतंत्र धागे आहेत, तिकडे जावे. इथले त्या विषयावरचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

मधलीआळी
चला, आंब्याच्या आधी रिफायनरी आली.

पट्टीवाला (कुडाळ, मोबाईल रिपेअर)
वर कोणी स्पेअरबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितो. नवीन फोनची किंमत सगळे बघतात, तुटल्यावरची कोणी बघत नाही.

पंधरा हजारांच्या फोनचा ओरिजिनल फोल्डर (म्हणजे काच, टच, डिस्प्ले एकत्र) टाकायचा म्हटला तर फोनच्या किमतीचा मोठा तुकडा जातो. एमोलेड (भारी प्रकारचा डिस्प्ले) असेल तर विचारूच नका. पूर्वी नुसती काच फुटली तर काच बदलायची. आता सगळं एकमेकांना चिकटवलेलं. काच वेगळी करायला मशीन लागतं, हात बसावा लागतो, आणि एक चूक झाली की डिस्प्ले गेला. मग गिऱ्हाईक कॉपी टाक म्हणतं. कॉपी टाकली की उन्हात दिसत नाही, टच अडखळतो, आणि शिव्या मला.

आपल्याकडे त्यात खारी हवा. चार्जिंगची पिन हिरवी होते, पट्टीला गंज चढतो, पावसाळ्यात माइकच्या छिद्रात बुरशी. मालवण, वेंगुर्ल्याकडचे फोन हातात घेतले की न विचारता कळतं. आणि ते आयपी ६८ बघून कोणी समुद्रात उड्या मारू नका. ती चाचणी गोड्या पाण्यात होते. पाणी गेलं तर बहुतेक कंपन्या वॉरंटी देतच नाहीत. मोठ्ठ्या अक्षरात पाणी-प्रतिबंधक, बारीक अक्षरात तुमचं तुम्ही बघा.

माझं म्हणणं, फोन किती का महाग विका, पण बॅटरी आणि काच वाजवी दरात बाजारात द्या. ते मिळालं तर फोन सहज चार-पाच वर्षं चालतो. तेच तर त्यांना नको असतं.

अबोली
पट्टीवाले दादा, आईचा फोन तीन वर्षं झाली तशी दुपारपर्यंतच टिकतो. कंपनीच्या सेंटरला (नाव नको) नेला तर म्हणाले बोर्ड बदलावा लागेल, त्यापेक्षा नवीन घ्या. एकदा आणू का?

पट्टीवाला
आणा ताई. तीन वर्षांनी आधी बॅटरीच बघायची, बोर्डाचं मागाहून. फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका. सोमवारी दुकान बंद.

रापण (मालवण)
बाबानू, तुमचो हिशोब माझ्या डोक्यावरसून गेलो. माका इतक्याच कळता. फोन पंधरा हजाराचो, पिशयेत बांधून होडयेर नेतंय. रेंज जाता, पण जीपीएस चालता. हैदराबादच्या इन्कॉइस ह्या सरकारी संस्थेचो मेसेज येता, मासळी खंय गावात त्येचो अंदाज मेळता. डिझेल वाचता. बंदरार येवच्या आदी पापलेटाचो भाव कळता, त्यामुळे येतल्या गिऱ्हायकाक फसूक नाय. एका बऱ्या दिवसात फोनाचे पैशे सुटतत.

फोन महाग नाय. महाग असा तो रिचार्ज. २०२४ च्या जुलयात वाढवल्यानी तो काय खाली येवक नाय.

खाडीपलीकडे
आणि जून-जुलैत बंदीच्या दिवसांत फोनचं काय करता?

रापण
रील बघतंय. त्येका पन रिचार्जच लागता.

हर्णै_बंदर
२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगडात वीज गेली ती किती दिवस आलीच नाही. घरात तीन स्मार्टफोन, तिन्ही विटा झाल्या. आजीचा बटणांचा फोन तेवढा जिवंत होता आणि अख्खी आळी त्याच्यावरून मुंबईला "बरे आहोत" सांगायला धडपडत होती. नेटवर्कही मधेच येई. तेव्हापासून स्वस्त-महाग हा विषय आमच्या घरी कोणी काढत नाही.

मधलीआळी
वाजवी किमतीचंच म्हणाल तर फेब्रुवारी २०१६ मध्ये २५१ रुपयांचा स्मार्टफोन जाहीर झाला होता. लोकांनी नोंदणीसाठी वेबसाईट पाडली. पुढच्या वर्षी कंपनीचा संचालक अटकेत. तेव्हा खालची हद्द २५१ आणि तुरुंग, वरची हद्द दीड लाख आणि हप्ते. यांच्यामध्ये कुठेतरी वाजवी असेल.

सिलिकॉनसडा
स्वस्त फोनच्या हिशेबावरून आठवलं. एप्रिल २०१८ मध्ये शाओमीचे लेई जून यांनी जाहीर केलं होतं की यंत्राच्या विक्रीवर निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. ऐकायला छान. पण मग पैसे कुठून येतात? आत आधीच भरलेली ॲप, जाहिराती, सूचना. सडेकर म्हणतात वीस हजारांखाली वसूल होतात. वसूल होतात खरे, उरलेले पैसे तुम्ही लक्ष देऊन फेडता.

बॅलन्सशीट_ताई
हे पटलं. माझ्या आईच्या स्वस्त फोनमध्ये (कंपनी कोणती ते राहू दे) टॉर्च लावायला गेलं तरी कोणीतरी कर्ज द्यायला उभं असतं.

आणि हप्त्यांचं मधलीआळीने काढलंच आहे म्हणून सांगते. शून्य टक्के व्याज नावाची गोष्ट नसते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की असल्या योजनांत व्याज दुसऱ्या नावाने लपवलेलं असतं. हल्ली 'नो कॉस्ट' म्हणतात. व्याजाइतकी सूट आधी देतात आणि मग व्याज लावतात. क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो तुमचा. शिवाय रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती गेली.

अर्धं_शटर
ताई, धंदा बसवता काय? माझ्याकडचे निम्म्याहून जास्त फोन हप्त्यावर जातात. लाखाचा फोन रोखीने घेणारा महिन्याकाठी एखादा. हप्ते नसते तर कंपन्यांना लाखाच्या वर किंमत नेताच आली नसती, हे मात्र खरं.

खाडीपलीकडे
मी महागड्या फोनच्या बाजूने एक मुद्दा मांडतो, सगळे तुटून पडलेत म्हणून. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या एस २४ ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय. ऐंशी हजार भागिले सात, वर्षाला साडेअकरा हजाराच्या आत. पंधरा हजारांचा फोन दोन वर्षांत रडायला लागला तर वर्षाला साडेसात. फरक दिसतो तेवढा नाही, आणि कॅमेरा बघा.

पट्टीवाला
सात वर्षं अपडेट येईल हो. सात वर्षं बॅटरी येईल का? आणि आपल्या हवेत पिन?

खाडीपलीकडे
मी घाटावर राहायला जाईन.

उलटा_प्रश्न
गंमत बघा. सडेकरांनी विचारलं किंमत वाजवी का. रापण भाऊंना वाजवी वाटते कारण फोन त्यांना कमावून देतो. भाच्याला वाटते कारण पैसे आईचे. किंमत ठरते ती अशीच, समोरचा किती द्यायला तयार आहे त्यावर. बनवायचा खर्च फक्त खालची मर्यादा सांगतो. स्पर्धा असेल तर किंमत त्या मर्यादेकडे सरकते, पंधरा हजारांच्या गटात ती सरकलेली आहेच. दीड लाखाच्या गटात खेळाडूच दोन-तीन, तिथे कशाला सरकेल?

सडेकर
सगळं वाचलं. ताईंच्या आकड्यांनी मान्य करायला लागतंय की ३७० आणि ९९९ ची तुलना तशीच्या तशी धरता येत नाही. पण माझी तक्रार पूर्ण गेलेली नाही. स्टोरेजचे दहा हजार आणि प्रोचे ते वरचे पंधरा हजार, यांना लूटच म्हणणार. पट्टीवाल्यांनी सांगितलेलं तर जास्तच लागलं, ते माझ्या डोक्यात नव्हतं.

आता वडिलांचं. त्यांना फोन, व्हॉट्सॲप, यूट्यूबवर दशावतार आणि बँकेचा मेसेज. आवाज मोठा हवा. भाचा म्हणतो वर्षभर वापरलेला त्याच्या मित्राचा चांगला फोन अर्ध्या किमतीत मिळतोय. घेऊ का?

काजूवाला_लांजा
वडिलांना दशावतारासाठी मोठा स्क्रीन घ्या. माझ्या वडिलांना चष्मा लावून पण संकासुर दिसत नव्हता.

अर्धं_शटर
जुना घ्यायला हरकत नाही, पण बिल आणि बॉक्स मागा. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर येतो, तो बॉक्सवरच्या नंबराशी जुळतो का बघा. मग इंग्रजीत केवायएम लिहून एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. सरकारच्या संचार साथी साईटवरही बघता येतं. भाच्याचा मित्र असला तरी करा.

पट्टीवाला
आणि सिम ट्रेच्या खाचेत टॉर्च मारून बघा. आत एक पांढरा ठिपका असतो, तो लाल-गुलाबी झाला असेल तर पाणी गेलंय. मित्र काहीही म्हणू दे, घेऊ नका.

सडेकर
ठिपका फिकट गुलाबी आहे. म्हणतो लाईटमुळे तसा दिसतोय.

पट्टीवाला
लाईटमुळे नाही.